पत गेली, कागद उरला

नोट हातात घेतल्यावर नजर आधी तारखेवर गेली. तारीख नव्हतीच. '१८' एवढंच छापलेलं होतं आणि पुढे दोन आकडे लिहिण्यापुरती रेघ सोडली होती. खाली कॅशियरच्या सहीसाठी एक रेघ आणि अध्यक्षांच्या सहीसाठी दुसरी, दोन्ही कोऱ्या. वर ठसठशीत अक्षरांत न्यू ऑर्लिन्स कॅनॉल अँड बँकिंग कंपनीचं नाव आणि मजकूर असा की, मागणी करताच धारकाला वीस डॉलर दिले जातील. पाठीवर तांबूस रंगाची छपाई. कागद इतका करकरीत की, आजच सकाळी गठ्ठ्यातून सुटून आला असावा.

न्यू जर्सीत मुलीकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी जवळच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांची विक्री भरली होती, तिथली ही गोष्ट. टेबलामागे बसलेल्या वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, "ही नोट खरी आहे?"

"खरी आहे," ते म्हणाले, "फक्त तिला कधी बाहेर पडायला मिळालं नाही."

साध्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाइतक्या पैशांत ती नोट मी घेतली. तिथून एक नाद लागला. अमेरिकेत 'ऑब्सोलिट नोट्स' म्हणतात त्या, म्हणजे यादवी युद्धाआधी शेकडो खासगी बँकांनी काढलेल्या आणि नंतर कायमच्या बाद झालेल्या नोटा, आणि त्यांच्याच सोबतीने येणाऱ्या दुकानदारांच्या चिठ्ठ्या, ज्यांना तिकडे 'स्क्रिप' म्हणतात. माझा संग्रह फार मोठा नाही, एका अल्बमात मावतो. पण त्या अल्बमाने 'पत' या रोजच्या वापरातल्या शब्दाकडे मला नव्याने बघायला लावलं.

कालव्यासाठी काढलेली बँक

आधी या कोऱ्या नोटेची कथा सांगतो. न्यू ऑर्लिन्समध्ये १८३१ साली ही कंपनी निघाली ती ४० लाख डॉलरच्या भांडवलावर, आणि तिला बँक चालवायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: शहराच्या व्यापारी भागापासून पाँचरट्रेन सरोवरापर्यंत कालवा खणायचा. दलदलीतून कालवा खणण्याचं काम आयर्लंडहून आलेल्या गरीब मजुरांनी केलं. पीतज्वर आणि पटकीने ते हजारोंनी मेले. नेमके किती, याची नोंद कुणी ठेवली नाही. १८३८ साली कालव्यातून वाहतूक सुरू झाली. पुढे शंभर वर्षांनी रेल्वे आणि मोटारींच्या काळात त्याची गरज संपली आणि तो बुजवला गेला. बँक मात्र नावं बदलत १९३३ च्या आर्थिक अरिष्टापर्यंत तग धरून होती.

आज कालवा नाही, बँकही नाही. पण बँकेच्या तिजोरीत राहून गेलेले न कापलेल्या नोटांचे ताव एवढ्या मोठ्या संख्येने बाहेर आले की, हा छंद सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या संग्रहातली पहिली नोट कॅनॉल बँकेचीच असते. वापराविना शिल्लक राहिलेल्या अशा नोटेला संग्राहक 'रिमेंडर' म्हणतात. सही नाही, तारीख नाही, क्रमांक नाही. छापलेलं वचन आहे, पण ते कुणी कुणाला दिलंच नाही.

सरकारने न छापलेला पैसा

एवढ्या मोठ्या देशात सरकारी नोट का नव्हती, हा प्रश्न आपल्याला पडतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने घटक राज्यांना स्वतःच्या नोटा काढायला मनाई केली होती, कारण स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात काढलेल्या कागदी पैशाची माती झालेली लोकांनी पाहिली होती. केंद्राने नाणी पाडली, पण ती कधीच पुरेशी नव्हती. मग राज्यांनी वाट काढली. स्वतः नोटा काढायच्या नाहीत, पण बँकांना सनदा द्यायच्या आणि नोटा त्या बँकांनी काढायच्या. १८३७ साली सर्वोच्च न्यायालयाने केंटकीच्या एका खटल्यात या वाटेवर शिक्कामोर्तबही केलं.

आपल्या पेढ्यांच्या भाषेत बोलायचं तर अशी नोट म्हणजे एक दर्शनी हुंडीच. दाखवा आणि रोकड घ्या. फरक एवढाच की, हुंडी लिहिणाऱ्याचं घराणं सराफाला ठाऊक असायचं, त्याची पत पिढ्यांनी तपासलेली असायची. इथे मात्र ओहायोतल्या एखाद्या बँकेची नोट हातोहात न्यूयॉर्कच्या बाजारात पोहोचायची आणि ती घेणाऱ्या दुकानदाराने ते गाव नकाशावरही पाहिलेलं नसायचं.

या गोंधळाला थोडा लगाम होता तो 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'चा. ही मोठी बँक छोट्या बँकांच्या नोटा गोळा करून त्यांच्याकडे रोकड मागायची, त्यामुळे त्यांना हात आखडून नोटा काढाव्या लागत. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ती श्रीमंतांची मक्तेदारी वाटत होती. १८३२ साली त्यांनी तिच्या सनदेच्या नूतनीकरणावर नकाराधिकार वापरला आणि १८३६ साली तिची केंद्रीय सनद संपली. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, मोठी मंदी आली आणि देशभरच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणं थांबवलं.

त्याच वर्षी मिशिगन राज्याने नवा कायदा केला: ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या कुणालाही बँक काढता येईल, विधिमंडळाच्या वेगळ्या मंजुरीची गरज नाही. ४० हून अधिक बँका निघाल्या. तिजोरीत सोन्या-चांदीची नाणी दिसली पाहिजेत, अशी अट होती. तपासनीस एका बँकेतून दुसरीकडे निघाले की त्यांच्या आधी नाण्यांची पेटीच पुढच्या बँकेत पोहोचायची. काही पेट्यांत वर नाण्यांचा थर आणि खाली खिळे भरलेले सापडले. वर्षा-दोन वर्षांत जवळजवळ सगळ्या बँका बसल्या. जिथे रानमांजरांशिवाय कुणी फिरकत नाही अशा आडरानात ज्यांची कचेरी, त्या 'वाइल्डकॅट' बँका, अशी या नावाची एक व्युत्पत्ती लोक सांगतात. नोट वटवायला कुणी येऊच नये, हा आडरानात कचेरी थाटण्यामागचा हेतू.

याच मिशिगनमध्ये कॅलामझू नदीच्या मुखाशी सिंगापूर नावाचं गाव होतं. न्यूयॉर्कच्या सट्टेबाजांनी १८३० च्या दशकात ते वसवलं. शिकागोला मागे टाकणारं बंदर करायचं, असं त्यांचं स्वप्न होतं. गावाची स्वतःची बँक होती आणि 'बँक ऑफ सिंगापूर'च्या नोटाही होत्या. बँक बुडाली, गाव लाकडाच्या वखारींवर जगलं. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो आणि आसपासची गावं आगीत भस्म झाली. ती पुन्हा उभी करायला सिंगापूरभोवतीचं जंगल तोडून लाकूड पाठवलं गेलं. झाडं गेल्यावर सरोवरकाठची वाळू मोकळी सुटली. काही वर्षांत लोकांनी गाव सोडलं आणि टेकड्यांएवढी वाळू घरांवर चढली. आज तिथे फक्त वाळू आहे. त्या गावाच्या नावाची नोट मात्र कुणाच्या ना कुणाच्या अल्बमात आहे.

सगळीकडे असंच होतं, असं मात्र नाही. ह्यू रॉकॉफ आणि त्यांच्यानंतर आर्थर रॉल्निक व वॉरेन वेबर या अर्थतज्ज्ञांनी जुने हिशेब तपासून दाखवलं की, रानमांजरी बँकांची बदनामी मोठी असली तरी त्या काळातल्या बऱ्याच बँका नीट चालल्या आणि नोटधारकांचं नुकसान दंतकथांत सांगतात तेवढं झालं नाही. न्यूयॉर्कने १८३८ साली कायदा करून बँकांना रोखे सरकारकडे तारण ठेवायला लावले. बॉस्टनच्या सफोक बँकेने तर न्यू इंग्लंडभरच्या नोटा पूर्ण किमतीला वटवण्याची व्यवस्था १८५८ पर्यंत चालवली. कचेरी लांब, बँक अनोळखी, की नोटेवर बट्टा जास्त. बाकी बाजार चालत राहायचा.

गल्ल्यावरचं पुस्तक

१८५० च्या सुमाराचा एखादा किराणा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक इंडियानातल्या बँकेची पाच डॉलरची नोट पुढे करतं. दुकानदार गल्ल्याशेजारचं पुस्तक उघडतो. जॉन थॉम्पसन यांचं 'बँक नोट रिपोर्टर' हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. राज्यवार बँकांची यादी, कोणती बुडाली, कोणत्या बँकेच्या नोटेवर किती टक्के बट्टा, आणि कोणत्या बँकेच्या कोणत्या खोट्या नोटा फिरताहेत, हे सगळं त्यात असायचं. दुकानदार बोट फिरवतो, नोट उजेडात धरतो, कागद चुरगाळून बघतो आणि सांगतो, "पावणेपाचला घेईन." गिऱ्हाईक घासाघीस करतं. साखर घ्यायला आलेला माणूस आधी पैशाचा भाव ठरवायचा, मग साखरेचा.

यादवी युद्धाच्या तोंडावर नोटा काढणाऱ्या बँकांची संख्या दीड हजाराच्या वर होती आणि प्रत्येकीच्या नोटांची चित्रं वेगळी. एक, दोन, पाच तर होत्याच, पण तीन डॉलरची नोटही अगदी नेहमीची होती. कुठे सव्वा डॉलरची, कुठे पावणेदोनची, कुठे सात-आठ-नऊ डॉलरचीसुद्धा. सुट्ट्यांची चणचण असली की अशा आडव्यातिडव्या रकमा उपयोगी पडतात. आज इंग्रजीत खोट्या माणसाला तीन डॉलरच्या नोटेची उपमा देतात, पण माझ्या अल्बमातली तीन डॉलरची नोट अस्सल आहे. पिवळसर पडलेली, घड्यांवर विरलेली, आणि दोन माणसांनी टाकाने केलेल्या सह्या अजून तपकिरी शाईत स्पष्ट वाचता येतात.

त्या सह्यांवर मी बराच वेळ थांबतो. छापील नोट हातात आली की कुणीतरी टेबलाशी बसून क्रमांक घालायचं, तारीख लिहायचं, सही करायचं. एकेका तावावर चार-चार नोटा, असे शेकडो ताव. सही म्हणजे जबाबदारी. ती आपल्यावर यायला नको होती असं पुढे कितीजणांना वाटलं असेल, कोण जाणे.

पोलादावर कोरलेली चित्रं

खोट्या नोटांशी चाललेल्या झटापटीतून एक कला उभी राहिली. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्सने तांब्याऐवजी पोलादी ठसे वापरले आणि एकदा कोरलेलं चित्र दुसऱ्या ठशावर जसंच्या तसं उतरवण्याची पद्धत बसवली. त्यामुळे इतकी बारीक नक्षी छापता येऊ लागली की हाताने तिची नक्कल करणं अवघड व्हावं. पर्किन्स १८१९ साली इंग्लंडला गेला. जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं 'पेनी ब्लॅक', छापलं ते त्याने लंडनमध्ये उभारलेल्या कंपनीनेच. टपाल तिकिटं जमवणारे आणि या नोटा जमवणारे एकाच घराण्याचे वारस आहेत, ते असे.

अ‍ॅशर ड्युरँड हा पुढे अमेरिकेचा मोठा निसर्गचित्रकार म्हणून गाजला, पण आधी तो नोटांसाठी चित्रं कोरत होता. त्याचा भाऊ सायरस याने नोटेवरची गुंतागुंतीची जाळीदार नक्षी कोरणारं यंत्र बनवलं. १८५८ साली सात कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी झाली. तिच्या जुन्या दप्तरातल्या नमुना नोटा १९९० साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाल्या तेव्हा कित्येक बँकांच्या नोटा कशा दिसत होत्या ते संग्राहकांना पहिल्यांदा कळलं.

नोटेवरच्या छोट्या चित्राला 'व्हिन्येट' म्हणतात. आगगाड्या, वाफेची जहाजं, कापणीवरचे शेतकरी, मेंढ्या धुणारी माणसं, देवमाशाची शिकार. काही नोटांवर तर घसरगाडीतला सांताक्लॉज आहे आणि त्या नोटांसाठी मोठी चुरस लागते. आपला देश आपल्याला कसा दिसावा असं त्या काळच्या अमेरिकेला वाटत होतं, ते या बोटभर चित्रांत आहे.

आणि त्यातच दक्षिणेकडच्या नोटा आहेत. कापसाच्या बोंडांनी भरलेल्या टोपल्या घेऊन चालणारे गुलाम, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान. हे ठसे बऱ्याचदा न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या कारागिरांनी कोरले होते. ज्यांच्या घामावर बँकेची पत उभी होती, त्यांना नोटेवर हसतमुख कोरलं की घेणाऱ्याला निश्चिंत वाटावं, असा तो हिशेब. साउथ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय चित्रकार जॉन जोन्स यांनी ही चित्रं भिंगातून पाहिली आणि त्यांवरून मोठी रंगचित्रं केली. मूळ नोट आणि तिच्याशेजारी तिचं रंगचित्र असं त्यांचं प्रदर्शन अमेरिकेत ठिकठिकाणी झालं. माझ्याकडे अशी एक नोट आहे. ती मी अल्बमातून काढत नाही. लपवली तर तो इतिहास आणखी एकदा पुसला जाईल.

या कापसाचा धागा आपल्याकडेही येतो. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने रोखली आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी खानदेश-वऱ्हाडाकडे वळल्या. मुंबईत चांदीचा पूर आला, शेअर बाजार उसळला, समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मोठे व्यापारी बुडाले आणि १८६८ साली जुनी बँक ऑफ बॉम्बे बंद पडली. तिला एकेकाळी स्वतःच्या नोटा काढायचा हक्क होता. १८६१ च्या कायद्याने तो हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. म्हणजे खासगी नोटांचा काळ आपल्याकडे संपला तो अमेरिकेच्या अगदी थोडा आधी.

दुकानदाराची चिठ्ठी

बँक मोठ्या नोटा काढते, पण भाकरीचे पैसे कुठून आणायचे? १८३७ मध्ये आणि पुन्हा १८६२ मध्ये नाणी बाजारातून गायब झाली. सोनं-चांदी महागलं की लोक नाणी घरात दडवतात, हा सगळ्या देशांचा अनुभव आहे. तेव्हा दुकानदार, खानावळी, नावाडी, पुलाचे मक्तेदार यांनी पाच, दहा, पंचवीस, पन्नास सेंटच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. एवढ्या किमतीचा माल देऊ, किंवा पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की नोट देऊ, असा त्यांवर मजकूर. लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'शिनप्लास्टर', म्हणजे नडगीवरच्या जखमेला चिकटवायची पट्टी. यापेक्षा कागदाचा उपयोग नाही, असं त्या नावातून सुचवायचं होतं.

१८६२ च्या उन्हाळ्यात टंचाई एवढी झाली की लोक टपाल तिकिटं सुट्टे म्हणून वापरू लागले. तिकिटं हाताला चिकटायची. जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने त्यावर उपाय काढला: पितळी चकतीत तिकीट बसवायचं, वर अभ्रकाचा पारदर्शक तुकडा लावायचा आणि मागे व्यापाऱ्याची जाहिरात. याच जुलैत सरकारने कायदा करून एक डॉलरहून कमी किमतीच्या खासगी चिठ्ठ्यांवर बंदी आणली आणि तिकिटांची चित्रं असलेल्या छोट्या सरकारी नोटा काढल्या. चिठ्ठ्या त्यानंतरही निघत राहिल्या. सैन्याबरोबर फिरणारे दुकानदार शिपायांना पगारापोटी पुठ्ठ्याचे तुकडे द्यायचे आणि ते तुकडे त्यांच्याच तंबूत चालायचे.

चिठ्ठी काढणारा तिला किती जागायचा, हे माणसागणिक बदलायचं. न्यूयॉर्कचा मद्यगृहवाला गुस्ताव लिंडेनम्युलर याने तांब्याचे दहा लाखांहून अधिक बिल्ले पाडले. शहरातल्या ट्राम कंपनीकडे त्यांचा ढीग साठला आणि ती वटवायला गेली, तेव्हा त्याने हात वर केले. त्याला कोर्टात खेचायला कायदाच नव्हता. १८६४ साली असे बिल्ले पाडायला बंदी झाली, त्यामागे अशा प्रकरणांचाही वाटा होता.

हे वाचताना मला आमच्या आळीतला वाणी आठवतो. माझ्या विद्यार्थिदशेत चिल्लरची अशीच टंचाई होती. तो सुट्ट्यांऐवजी पोस्टकार्डाचे कापलेले तुकडे द्यायचा, त्यावर दुकानाचा रबरी शिक्का आणि पेनाने लिहिलेले '२५ पैसे' किंवा '५० पैसे'. आई ते देवघराच्या फळीवर एका डबीत जमवायची आणि महिन्याच्या सामानाला मी ते घेऊन जायचो. वाणीकाका मोजायचे, हिशेबातून वजा करायचे आणि आमच्यादेखत फाडून टोपलीत टाकायचे.

संग्राहकाचा उलटा न्याय

१८६३ साली राष्ट्रीय बँकांचा कायदा आला. १८६५ साली राज्यांच्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवायचं ठरलं आणि त्याची अंमलबजावणी पुढच्या वर्षी सुरू झाली. नोट काढणं परवडेनासं झालं आणि एक अख्खं चलन काही वर्षांत विरून गेलं. लोकांनी ज्या नोटा वटल्या त्या वटवल्या. ज्या वटल्या नाहीत त्या पुस्तकांत, पेट्यांत, भिंतीतल्या फडताळांत राहिल्या.

त्यांची यादी करायचं काम वेड्यासारखं करणारी माणसं पुढे निघाली. पेनसिल्व्हानियातल्या हॅटफील्डचे डेव्हिड विस्मर यांनी १९२२ पासून चौदा वर्षं 'द न्यूमिस्मॅटिस्ट' मासिकात राज्यवार याद्या छापल्या. १९६१ साली कागदी पैसा जमवणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. १९८८ साली जेम्स हॅक्सबी यांची चार खंडांची सूची आली. त्यातली एक खूण मला विलक्षण वाटते: जी नोट निघाली हे कागदपत्रांवरून ठाऊक आहे, पण तिची एकही प्रत कुणी पाहिलेली नाही, अशा नोटेलाही सूचीत जागा आहे. संग्राहक रिकाम्या जागेचीही नोंद ठेवतो. सेंट लुईसचे एरिक न्यूमन १०६ वर्षांचे होऊन २०१७ साली वारले. त्यांच्या नावाने चाललेल्या संगणकीय ग्रंथालयात असल्या हजारो सूची आणि जुन्या लिलावांची पुस्तकं कुणालाही फुकट वाचता येतात. पुण्यात बसून मी रात्री-रात्री वाचतो ती तिथलीच.

नव्याने नादाला लागणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोट कधीही लॅमिनेट करू नये आणि साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये, त्यातली रसायनं कागदाला खातात. दुसरं, फिलाडेल्फियाच्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची १८४० सालची हजार डॉलरची नोट कुणी दिली आणि तिच्यावर ८८९४ हा क्रमांक असला, तर ती शोभेची प्रत आहे. चर्मपत्रासारख्या कागदावर तिच्या अगणित प्रती छापल्या गेल्या आणि कित्येक घरांत ती आजोबांचा खजिना म्हणून जपली जाते.

त्या हॉलमधल्या गृहस्थांनी मला आणखी एक नोट दाखवली होती. ऱ्होड आयलंडमधल्या ग्लॉस्टर गावच्या फार्मर्स एक्स्चेंज बँकेची, १८०८ सालची. ही अमेरिकेतली पहिली बुडालेली बँक. बॉस्टनच्या अँड्र्यू डेक्स्टर नावाच्या सट्टेबाजाने ती ताब्यात घेतली, सात मजली एक्स्चेंज कॉफी हाउस बांधायला पैसा हवा म्हणून नोटांचे ढीग छापवले. १८०९ साली बँक बसली तेव्हा साडेपाच लाख डॉलरहून अधिक नोटा बाजारात होत्या आणि तिजोरीत रोकड शंभर डॉलरसुद्धा नव्हती. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची, एवढ्या मोठ्या घोटाळ्याची नोट. मला वाटलं, किंमत डोळे पांढरे करणारी असेल. ती स्वस्त होती. मी चकित झालो तसं ते म्हणाले, "बुडव्या बँकेच्या नोटा कुणी परत घेतल्याच नाहीत, म्हणून त्या भरपूर उरल्या. दुर्मीळ नोट हवी असेल तर सचोटीच्या बँकेची शोधा. तिने एकूणएक नोट वटवली आणि जाळली."

ती नोटही घेऊन मी तिथेच खुर्चीवर बसलो. मला माझी आत्या आठवली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने गावातल्या एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या होत्या. पतसंस्था बुडाली. रांगेत उभं राहून, अर्ज करकरून ती थकली. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली तेव्हा साड्यांच्या घडीत ठेव पावती सापडली: गोल शिक्का, दोन सह्या, मुदतीची तारीख, अक्षरी रक्कम. आयुष्यभरात आत्याने पोस्टात, बँकेत कितीतरी ठेवी ठेवल्या असतील. त्या प्रत्येकीची मुदत पुरी झाली, पावती खिडकीत दिली गेली, पैसे हातात आले. त्या पावत्यांचा मागमूसही ट्रंकेत नव्हता. उरली होती ती एकच, जिचा शब्द मोडला होता ती.

लाकडाची नोट

पण एखाद्या कागदाचा शब्द मोडला नाही, तरीही तो उरतो, अशी एक गोष्ट आहे. १९३१ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या टेनायनो या छोट्या गावातली एकुलती एक बँक बंद पडली. गावकऱ्यांचे पैसे अडकले. गावच्या व्यापाऱ्यांनी मिळून त्या ठेवींच्या हक्कावर हंगामी चलन काढलं. आधी कागदावर आणि मग, तिथल्याच वर्तमानपत्राच्या छापखान्यात, लाकडाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यावर. स्प्रूस आणि सीडर या तिथल्याच झाडांचं लाकूड. ती लाकडी नोट जगभर गाजली. दूरदूरच्या लोकांनी पैसे पाठवून मागवली आणि जपून ठेवली. त्यामुळे बहुतेक नोटा वटवायला परत आल्याच नाहीत. गावाचा शब्द खरा होता आणि संग्राहकांनी तो तसाच शिल्लक ठेवला.

२०२० साली महासाथीत दुकानं बंद पडली तेव्हा टेनायनोने जुनं छापयंत्र पुन्हा चालवलं. १८९० सालचं ते यंत्र गावच्या संग्रहालयात ठेवलेलं होतं. अडचणीतल्या कुटुंबांना पंचवीस डॉलरच्या लाकडी नोटा दिल्या गेल्या आणि गावातल्या दुकानांनी त्या घेतल्या. नव्वद वर्षांनीही लोकांना त्या लाकडाचा भरवसा वाटला, कारण त्यांच्या आजोबांच्या वेळी तो खरा ठरला होता.

आपल्या खिशातल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचं वचन देतात. आपण ते वाक्य वाचत नाही. वाचावं लागत नाही, हेच त्या वचनाचं बळ आहे. ज्या दुकानदाराला नोट घेताना गल्ल्याशेजारचं पुस्तक उघडावं लागत होतं, त्याला हे बळ ठाऊक नव्हतं. माझ्या अल्बमातल्या प्रत्येक नोटेवर त्या पुस्तकावरून फिरणाऱ्या बोटांची सावली आहे.

यंदा अल्बम नव्याने लावला. कॅनॉल बँकेच्या कोऱ्या नोटेनंतर, ग्लॉस्टरच्या नोटेशेजारी, आत्याची ठेव पावती मी त्याच पारदर्शक कप्प्यात ठेवली. ती तिथली आहे. मग वाटलं, वाणीकाकांची एखादी चिठ्ठीही लावावी. आईची ती डबी शोधली. डबी सापडली, माळ्यावर, जुन्या भांड्यांत. झाकण उघडलं. आत दोन सुया आणि एक तुटकं बटण होतं. दुकान आता वाणीकाकांचा नातू चालवतो. त्याला जाऊन विचारलं. त्याने आजोबांचा जुना गल्ला काढून दाखवला, शिक्कासुद्धा सापडला, त्यावरची अक्षरं झिजलेली होती.

चिठ्ठी मात्र एकही नव्हती.